पंप कुठे आहेत?

आई,

त्या मंत्र्यांचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. टीव्हीवर मुलाखती घेणं मी गेल्या वर्षी सोडलं. आता आमच्या वाहिनीच्या सॉल्ट लेकमधल्या त्याच इमारतीत नव्या मुलामुलींना मुलाखत कशी घ्यायची ते शिकवते. ती मला घाबरतात. तू हसली असतीस.

माझं काम तुला फारसं आवडलं नाही. बाबांची बँकेनं इकडे बदली केली, निवृत्तीनंतर तुम्ही डमडमलाच राहिलात, बाबा गेले, तरी तुझं बंगाली शेवटपर्यंत भाजीवाल्यापुरतंच राहिलं. माझा कार्यक्रम मात्र तू चुकवायची नाहीस. शब्द नाही कळले तरी चेहरे कळतात, म्हणायचीस. एकदा एका आमदाराला मी चांगलंच धारेवर धरलं, तर तुझी एकच तक्रार होती, "अगं, किती घाम आला होता त्याला. पाणी तरी विचारायचंस." बाहेर लोक मला वाघीण म्हणत होते. घरी मी आल्यागेल्याला पाणी न विचारणारी मुलगी होते.

मग तो पावसाळा आला. गल्लीत पाणी दरवर्षीच भरायचं, त्या वर्षी ते आपल्या स्वयंपाकघरात शिरलं. मी पोचते तर तू साडी वर खोचून पोटरीभर पाण्यात उभी आहेस, सिलेंडर विटांवर चढवलेला, आणि पोळ्या लाटते आहेस. "कणकेचा डबा तेवढा वाचला," म्हणतेस. शेजारणीच्या सासऱ्यांना त्याच पाण्यातून खाटेवर घालून दवाखान्यात न्यावं लागलं, ते परत आले नाहीत. पाणी उपसायचे मोठे पंप आणल्याचं सरकारनं केव्हाच जाहीर केलं होतं. ते पंप कुणी पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात मी त्या खात्याच्या मंत्र्यांना स्टुडिओत बोलावलं. पंप कुठे आहेत, असं विचारलं. ते आधीच्या सरकारबद्दल बोलले. पुन्हा विचारलं, तर दिल्लीबद्दल बोलले. मी तेच विचारत राहिले, आवाज चढवला, शेवटी म्हटलं, "तुम्हाला ठाऊकच नाही ना?" त्यांनी कॉलरचा माइक काढून टेबलावर ठेवला आणि ते चालते झाले. ती रिकामी खुर्ची दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होती. वाहिनीच्या मालकांनी सगळ्यांना मिठाई वाटली. संदेशचा एक खोका घेऊन मी तुझ्याकडे आले.

तू तो उघडला नाहीस. ओट्याला टेकून म्हणालीस, "तो तर उठून गेला. मग तुला उत्तर काय मिळालं?"

"आई, उत्तर न देणं हेसुद्धा उत्तरच असतं."

"असेल तुमच्यात. मला आपलं वाटलं, पंप कुठे आहेत ते कळेल."

मला राग आला. तुला यातलं काही कळत नाही, म्हटलं. "नाही कळत," म्हणालीस आणि आमटीला फोडणी दिलीस. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. पुढच्या पावसाळ्याआधी तू गेलीस.

तुझे दिवस झाले आणि मी कामावर रुजू झाले. निवडणुका तोंडावर होत्या. ते मंत्री पुन्हा यायला तयार झाले, आपण पळपुटे नाही हे त्यांना दाखवायचं होतं. मी सुरुवातच केली, "पंप कुठे आहेत?" ते किंचित हसले. म्हणाले, "सांगतो. तुमच्या आई गेल्याचं कळलं. तुम्ही मराठी ना? आता घरी तुमच्याशी तुमच्या भाषेत कोण बोलतं?"

ती चाल होती की माणुसकी, मला अजून ठरवता येत नाही. मी काही बोलले नाही. कानातल्या यंत्रातून निर्माता ओरडत होता, पुढचा प्रश्न घ्या, दिदी, पुढचा प्रश्न. कॅमेरा चालूच होता. मंत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. बराच वेळ गेला. आणि कुणी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "पंप आलेच नाहीत. आले असं मी सांगत होतो, ते खोटं होतं."

पुढचं सगळं रीतसर झालं. त्यांचं मंत्रिपद गेलं, चौकशी बसली, आणि उशिरा का होईना पंप आले. आपल्या गल्लीत आता पाणी घोट्याच्या वर चढत नाही. शेजारणीनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मला बक्षीस मिळालं, तेही त्या शांततेबद्दल. अशी शांतता पेलायला फार मोठी ताकद लागते, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. मीही तेच सांगत आले. वर्गात ती मुलाखत लावते, नेमकी तिथे थांबवते आणि म्हणते, "बघा, इथे मी गप्प बसले. गप्प बसता आलं पाहिजे." मुलं माना डोलावतात.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. मी गप्प बसले नव्हते, आई. त्यांनी मला प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर 'कुणी नाही' असं होतं, आणि तेवढे दोन शब्द मला कुठल्याच भाषेत म्हणता येईनात.