नातीला आभाळाचं शिकायचंय
कोल्हार, मंगळवार, दिवेलागणीला

आरती, मी बोलते तसंच लिही. तुझ्या बापाला जे म्हणीन, ते गाळू नको.

डोकं नुसतं तापलंय. ह्या आरतीनं, माझ्या नातीनं, बारावीनंतर पुण्याला जाऊन हवामानाचं शिकायचं म्हटलं, तर माझा लेक नामदेव सकाळी ताटावरनं उठला. म्हणे, "पोरीच्या जातीनं ढग मोजायचे? लोक हसतील." आता ह्याला काय म्हणावं? गेल्या साली सगळं गाव निवांत असताना हिनंच मोबाईलवरची ढगांची चित्रं बघून कांद्यावर ताडपत्री टाकायला लावली हुती. गारा पडल्या, आमचा कांदा तेवढा वाचला. तेव्हा न्हाई कुणी हसलं! ढग मोजायचे म्हणे. रोज चहाच्या आधी हिलाच विचारतो, फवारू का, पाणी देऊ का. मग लाज नेमकी कशाची वाटते? पोरगी आपल्याहून शहाणी झाली, ह्याचीच असंल.

सकाळपासून लेकीशी अबोला धरलाय. आणि आत्ता, मी हे सांगत असताना, दारात येऊन मलाच म्हणतो, "आये, तिला विचार, कांदा झाकू का?"

मी म्हटलं, "तूच मोज की ढग."

आरती हळूच सांगाय लागली, तिला दटावलं. लई बापाचा पुळका! कांदा भिजला तर भिजू दे, सडका मी निवडीन. तो अजून उंबऱ्यातच उभा हाय. राहू दे उभा. पोरीला पुण्याला जा म्हणंस्तवर ह्या घरात त्याला कुणी पावसाचं सांगायचं न्हाई.