आतली थंडी घालवण्याचा कोर्स

७ एप्रिल, सोमवार
निशाचा फोन. तिचे वडील आप्पा अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, तिचं लग्न कुठेतरी पक्कं करणार. म्हणाली, त्याच्या आत चोपड्याला ये, आप्पांना एकदा तोंडावर विचार, मी हो म्हणते. मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, किती थंड रे तू!
दिवाळीत हात धरला तेव्हाही हेच म्हणाली होती, थंड. आता पटलं. दोन वर्षं इथे पनवेलजवळ कोनच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मायनस अठरात माशांच्या पेट्या लावतोय. थंडी पार आत गेलीय. आधी ती काढायची. मग आप्पा.

९ एप्रिल
औषध मिळालं! निकेशने दिलं. माझ्याबरोबरच कामाला आहे, त्याच्याच घरात मी भाड्याने राहतो. त्याचे वडील जहाजावर कुक, त्यांनी चीनवरून आणलेलं पाकीट कपाटात पडून होतं. चौदा पुड्या. कसल्या कसल्या मुळ्या, सुंठ, दालचिनी, लाल खारका. वास असा की नाकच सरळ झालं. पाकिटावर एक बाई हसतेय, हातात गाठोडं. गाठोड्यात बहुतेक हेच औषध.
निकेशने मोबाइल धरून चिनी अक्षरं वाचली. आतली थंडी घालवा, गेलेलं भरून काढा. मधल्या काही अक्षरांवर दुकानाचं स्टिकर आहे. असू दे. गेलेलं भरून काढा! अजून काय पाहिजे माणसाला.

१२ एप्रिल, हनुमान जयंती
पहिली पुडी. रोज एक उकळून घ्यायची. २५ ला कोर्स पूर्ण, २६ ला एसटी, २७ ला आप्पा. निशाला सांगितलं नाही. सरप्राइज.

१५ एप्रिल
चौथी पुडी. अंग तापलंय. तसं पनवेलमध्ये सगळ्यांचंच तापलंय, पण माझं आतून आहे.

१८ एप्रिल
तोंड आलं. जिभेवर तीन फोड. निकेशची आई, भामाकाकू, सब्जाचं पाणी घेऊन आल्या. पी रं, उष्णता झालीय तुला. मी मानेनेच नाही म्हणालो. एवढ्या मेहनतीने गरम झालो आणि त्यावर सब्जा?

२१ एप्रिल
कामावर घोळणा फुटला. पेटीवर रक्त. सुपरवायझर म्हणाला, माल खराब करू नको, चार दिवस घरी झोप.
चार दिवसांत चोपड्याला जाऊन येता आलं असतं. पण कोर्स अर्धा आहे. अर्धवट गरम माणूस आप्पांसमोर काय बोलणार?

२४ एप्रिल, संध्याकाळ
निशाचा फोन. तोंडभर फोड, शब्द निघेना. येतोस ना? हं. आप्पांना विचारशील ना? हं. ती म्हणाली, हं काय रे, एकदा तोंडाने बोल, मला धीर येईल. मी परत हं केलं, जरा मोठ्याने. मग ती म्हणाली, ठीक आहे.
ठीक आहे म्हणाली म्हणजे समजली. पोरगी समजूतदार आहे.
घोळण्यामुळे तीन पुड्या चुकल्या. कोर्स आता २८ ला संपेल. आखाजी ३० ला. वेळच वेळ आहे.

२८ एप्रिल
शेवटची पुडी उकळत होती. काकू वासाने आत आल्या, पाकीट बघून ओरडल्या. आरं मेल्या, हा दीपिकाचे बालंतपनाचा औशद हाय! दीपिका म्हणजे त्यांची मोठी सून, सातवा महिना चालू आहे. काकूंनी नखाने स्टिकर काढलं, निकेशने मोबाइल धरला. बाळंतपणात गेलेलं रक्त भरून काढा. बाईच्या हातात गाठोडं नव्हतं, पोर होतं.
काकू हसून हसून खालीच बसल्या. मंग शिवा, बारसा कवा? निकेश म्हणाला, घुगऱ्या मी आणतो.
हसू दे. बाळंतिणीचं असलं तरी गरम ते गरमच. तेरा पुड्या वाया जात नाहीत. चौदावीही प्यालो. उद्याच्या एसटीचं तिकीट काढलं.

२ मे, कोन
आखाजीला दुपारी पोचलो. निशाच्या दारात साखरपुड्याचा मांडव. आप्पाच पुढे आले, ये भाऊ, टाइमवर आला, जेवी ले. मुलगा धरणगावचा, किराणा दुकान. शनिवारी बघायला आला आणि निशा हो म्हणाली. शनिवार म्हणजे २६. मी तोवर बाराव्या पुडीवर होतो.
पानात खापरावरची पुरणपोळी, आमरस. रस फोडांना झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं. बरं झालं, सांगायला कारण होतं.
निशा पाणी घेऊन पंगतीत आली. ग्लास देताना बोटाला बोट लागलं. थांबली. हळू म्हणाली, हात किती गरम तुझे. ताप आहे का?
मी म्हणालो, हं.