आबाजींची बिडी

ता. १२ मार्च २०२५
मळ्यातनं

ती. विजयदादास श्यामलाचा नमस्कार. हितं समदी खुशाल. वहिनींचा गुडघा कसा हाय? माज्या पोरीला, पूर्वीला, लागलेला दम आता कमी हाय. बारामतीच्या डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिलाय.

फोन न्हाय केला, कारण फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस.

पैलं भांडते. लोणी देवकरच्या कंपनीत एसीत बसून तू बर्फ वितळल्याचे व्हिडिओ धाडतोस. ‘पन्नास वर्सात समदं संपणार!’ माजी पूर्वी सात वर्साची पोर. जेवता जेवता इचारती, "आई, मी मोठी व्हणार का न्हाय?" काय सांगू तिला? आन् आमचे हे म्हणत्यात, "उनाळा काय आज आलाय व्हय? गप कामाला लाग." एक भ्या घालतो, एक हसतो. उसाच्या पाचटाचं, ह्या वाळल्या पाल्याचं, काय करायचं, ते कुणी सांगत न्हाय.

सांगितलं ते बांधापलीकडच्या आबाजींनी. "पोरी, ऊस तुटला की पाचट जाळू नगं, सरीत दाब. ओल धरतंय. बाहत्तरचा दुष्काळ काढलाय मी, पण ह्ये ऊन येगळं हाय. तवाबी रडत बसलो न्हाय, आताबी बसायचं न्हाय."

आमचं पाचट पेटलं तवा त्याच आबाजींना तू म्हणलास, "थेरड्या, तुज्या बिडीनं पोर गेली असती!" बांधावर, समद्या वस्तीसमोर. मी दारातनं ऐकत व्हते.

दादा, बिडी न्हवती. काडी मी लावली.

त्या दिशी रान मोकळं करायचं व्हतं, दुसऱ्या दिशी पाटाच्या पाण्याची आपली पाळी व्हती. पाचट दाबायला बाया मिळंनात. म्हणलं, घटकाभराचं काम. वारं फिरलं. पूर्वी शाळंतनं बांधावरनं येत व्हती, धुरात घावली. दवाखान्यात सासूबाई म्हणल्या, "आबाजीची बिडी पडली असंल." मी व्हय म्हणून मान हलवली. तोंडानं काय बोलले न्हाय, नुस्ती मान हलवली.

त्या दिसापासनं म्हाताऱ्यानं बिडी सोडलीय. त्यांना आपलीच चूक वाटती. त्यांची बायकू कुशाबाई रोज पूर्वीसाठी तांब्याभर दूध आणती न् उंबऱ्याबाहीर ठिवून जाती. आत येत न्हाय.

तू सरकारला शिव्या दे, कारखान्यांना दे. त्यांचंबी चुकतंय. पण हितली काडी माजी व्हती.

घरात आज सांगते. रविवारी ये. जितं शिव्या दिल्यास तितंच, बांधावर, समद्यांसमोर माफी मागायची. आदी मी, मागनं तू. न्हाय आलास तर एकटी जाईन. आन् येताना व्हिडिओ नगं, राहिलेलं पाचट दाबायला दोन हात आण.

कुशाबाईचा तांब्या घासून ठिवलाय.

काडी लावणारी,
तुजी श्यामला