खोटे स्फोट

ता. ६ मार्च

ती. बाबांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, खांदा ठणकतो, तडक निघून ये! बाबा, यंदाचं हे तुमचं असलं तिसरं पत्र. मागच्या खेपेला रजा टाकून धावत आले, तर तुम्ही शिडीवर चढून पन्हळ साफ करत होतात. आता मी येणार नाही.

शिवाय इथे माझंच डोकं ठिकाणावर नाही. एखादा प्रचंड तारा मरताना गॅमा किरणांचा झोत सुटतो आणि काही सेकंदांत संपतो. तो आमच्या अवकाशातल्या दुर्बिणीला दिसला, की ड्यूटीवरच्या माणसाने लगेच जमिनीवरच्या दुर्बिणींना कळवायचं. मागे राहिलेला उजेड विझायच्या आत त्या तिकडे वळल्या, तरच तारा किती लांब होता ते कळतं. पण आमचे साहेब! आम्ही जागे आहोत का बघायला ते दुर्बिणीच्या नोंदींत मधूनच खोटे स्फोट घुसडतात. तसला वाटला, की बाहेर बोंब न मारता फक्त त्यांना सांगायचं. मंगळवारी असा झगझगीत स्फोट आला, की मला वाटलं ही साहेबांचीच करामत. सापडला म्हणून त्यांना कळवलं आणि चहाला गेले. साहेब दाताच्या दवाखान्यात, फोन बंद! तो खरा होता, बाबा. बाकीच्या दुर्बिणी वळेपर्यंत सगळं विझलं.

आणि चूक म्हणे माझी! ड्यूटीवरून काढलंय. नुसता संताप होतोय.

लोभ आहेच, तो शिडीवर चढून कमी करू नका.

तुमची ठकी

ता. ११ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझा साहेब महा आगाऊ दिसतो. माणसांना उगीच धावायला लावायचं, आणि खऱ्या वेळी ती हलली नाहीत, की त्यांच्याच नावाने खडे फोडायचे? लाज वाटायला हवी मेल्याला!

एवढं लिहून जरा थांबलो होतो.

तू कामाकडे लक्ष दे, यायची गरज नाही. पलंग खालच्या खोलीत आणून घेतला आहे.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझे बाबा

ता. १५ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

आमच्या दुर्बिणीने टिपलेलं तेवढं हाताशी आहे, तेच उकरत बसले होते. स्फोट किती वेळ टिकला, किती जोराचा होता, सगळं निघालं. तारा किती लांब, ते मात्र कायमचं गेलं. आणि खूण समोरच होती हो! साहेबांचे खोटे स्फोट एकजात नीटनेटके, वर जातात, खाली येतात. हा खडबडीत होता, मध्येच विझल्यासारखा होऊन पुन्हा उठला. मी धड बघितलंच नाही.

मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. आधीच्या तिन्ही पत्रांत दुखण्यांची ही भली मोठी जंत्री. ह्यात एकच ओळ, तीही पलंगाची. आणि म्हणे ‘यायची गरज नाही’! जन्मात कधी असं लिहिलंत? तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, परवाच इस्पितळात न्यायचं होतं, पण ठकीला कळवलंत तर जागचा हलणार नाही, असा तुम्ही हट्ट धरलात. इतका राग आला, की रडूच फुटलं.

आज त्या तुम्हांला इस्पितळात नेताहेत. मी साहेबांना विचारत बसले नाही, निघालेच. हे पत्र टपालात टाकत नाही, तुमच्या हातात देणार आहे. तोंडाने सांगायला गेले तर रडेन, आणि तुम्हांला तसंही ऐकू येत नाही.

लोभाचं नंतर, आधी मला भांडायचं आहे. वाचून झालं की वर बघा, समोरच बसले आहे.

ठकी