फोटोंची रांग

३ फेब्रुवारी

निवृत्तीला पंचवीस दिवस. आज टेबलाचा खालचा खण उपसला. तळाशी एक पिवळं पडलेलं पाकीट – आत सहा फोटो. घड्याळजी!

माझा पहिला पेशंट. घड्याळं दुरुस्त करायचा. तक्रार काय, तर बोटांत स्क्रू धरता येत नाही. "बोटं माझी राहिली नाहीत हो डॉक्टर." मी कोवळी, नुकतीच हार्मोनच्या विभागात आलेली. म्हटलं, संधिवात असेल. आमच्या विभागप्रमुख सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "घरी जा. लग्नापासूनचे सगळे फोटो घेऊन या." आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरीच!

सरांनी याच टेबलावर फोटो ओळीने मांडले. पहिल्यात धारदार नाक, निमुळता चेहरा. शेवटच्यात हनुवटी पुढे, नाक पसरट, ओठ जाड. ॲक्रोमेगली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी, तिच्यावर गाठ. वाढीचं हार्मोन झरत राहतं आणि मोठा माणूस पुन्हा वाढू लागतो. उंच नाही – रुंद. इतका हळू की कळतच नाही.

"बायकोला कसं नाही दिसलं?" मी विचारलं होतं.

सर म्हणाले, "ती रोज बघते ना. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, माणूस दिसतो."

पुढे याच आजारावर मी वीस वर्षं संशोधन केलं. सर जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

५ फेब्रुवारी

माझी ज्युनिअर मागे लागली आहे – निरोप समारंभात पडद्यावर माझे फोटो दाखवायचेत. "मॅडम, दोन वेण्यांतला पाहिजेच!" तो ताईकडेच मिळणार.

८ फेब्रुवारी

ताईकडे गेले. बिस्किटांच्या डब्यातले फोटो पलंगावर पालथे केले नि दुपार कशी गेली कळलं नाही.

आई गेली तेव्हा मी अकराची, ताई अठराची. शाळेत गाणं शिकवायची नोकरी धरली तिने, स्वतःचं शिक्षण गुंडाळून ठेवलं. माझ्या परीक्षेच्या आधी शरीरशास्त्राचं जाडं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. अक्षर कळायचं नाही, तरी करड्या आवाजात – "हं, मांडीचं हाड सांग. अडखळलीस! पुन्हा!" आणि मध्येच हसू फुटायचं. काय आवाज होता! जिन्यातून गात वर आली की खालची म्हातारी दार उघडून उभी राहायची.

मग आवाज खाली गेला. जाडा झाला. वरचे सूर लागेनात, म्हणून मुदतीआधीच तिने शाळा सोडली. मी म्हटलं होतं, "वयाने होतं गं ताई."

निघताना म्हणाली, "बारके, फोटो परत आण हो. तुझा काही नेम नाही." साठीला आले, तरी बारकीच!

चौकटीला तिचा खांदा आपटला. गेल्या वेळीही आपटला होता.

११ फेब्रुवारी

ज्युनिअर फोटो चाळत होती. हसत होती, अचानक दोन फोटो शेजारीशेजारी धरले. मग अगदी हळू – "मॅडम, या तुमच्या ताई ना? यांच्या फोटोंची... रांग लावून पाहिलीत कधी?"

माझंच वाक्य! मीच तिला शिकवलेलं. इतकी चिडले – "शोधनिबंधाचा विषय दिसतो का गं तुला प्रत्येक माणसात?" ती रडवेली होऊन गेली.

फोटो पिशवीत कोंबून घरी आणले. पिशवी उघडलेली नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी जेवणाच्या टेबलावर लावली रांग. नऊ फोटो.

चौथ्यापासून.

देवा! चौथ्यापासून. नाक. कपाळाचं हाड. सहाव्यात हसली आहे – खालच्या दातांत फटी. आठव्यात माझ्या खांद्यावर तिचा हात. शिकाऊ पोरगंही ओळखेल असा हात.

तिने स्वतःची अंगठी काढून मला दिली होती – "मला मेली घट्ट होते, तुलाच शोभते." तिच्या मायेने मी घळाघळा रडले होते तेव्हा. सगळी लक्षणं मी माया म्हणून, वय म्हणून, कष्ट म्हणून खपवली. आवाज. घाम. घोरणं – घोरण्यावर तर आम्ही विनोद करायचो!

ज्युनिअरला फोन केला. माफी मागितली. तीच रडली.

१४ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. सरळच. गाठ असेल, बहुतेक साधी, कर्करोग नव्हे; पण डोळ्यांच्या नसांवर दाबत असावी, बाजूचं दिसत नाही, म्हणून खांदे आपटतात. वेळ घालवला तर नजर जाईल.

तिने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि बघत राहिली. मग – "म्हणजे मी अशीच नाही? मला वाटायचं मी अशीच आहे. बेढब."

मी तिचे दोन्ही हात ओढून माझ्या मांडीवर घेतले.

"रडतेस काय? काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! चहा टाक."

१७ फेब्रुवारी

तपासणी. ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त. निरोगी माणसात साखर प्यायल्यावर वाढीचं हार्मोन खाली जातं. हजारोंदा केली ही चाचणी – पेशंटच्या बाजूच्या स्टुलावर आज पहिल्यांदा बसले. किती थंड असते ती खोली! कोणी कधी सांगितलं कसं नाही?

ताई सिस्टरला विचारत होती, "आमची बारकी ओरडते का हो तुमच्यावर?" सिस्टर म्हणाली, "ओरडतात, पण डबा वाटून खातात."

१९ फेब्रुवारी

हार्मोन खाली आलं नाही. स्कॅनवर गाठ – मोठी. दृष्टीच्या नसा वर उचलल्या गेल्यात. शस्त्रक्रियेची तारीख सहा मार्च.

२८ फेब्रुवारी

समारंभ झाला. दोन वेण्यांचा फोटो आला तेव्हा हशा. ताई पहिल्या रांगेत. कोणीतरी भाषणात म्हणालं, "मॅडमची नजर कधी चुकत नाही." टाळ्या वाजल्या. ताईनेही वाजवल्या – त्या रुंद हातांनी, सगळ्यांत जोरात.

६ मार्च

सर्जनने नाकातून शिरून गाठ काढली. चार तास. मी बाहेर. बाहेरची माणसं भिंतीवरचं घड्याळ बघत नाहीत, दार बघतात.

शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द – "तू जेवलीस का?"

९ मार्च

ताईला लघवी फार होते म्हणून मी घाबरले. अंगातलं पाणी-मीठ बिघडलं की काय, म्हणून सोडियमसाठी तीनदा रक्त पाठवलं. सर्जन शेवटी म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही नातेवाईक. बाहेर बसा." बसले.

१६ मार्च

ताई घरी. बोटांची सूज उतरते आहे! म्हणते, हात हलके वाटतात, कोणीतरी हातमोजे काढल्यासारखे. हाडं परत लहान होणार नाहीत, आवाजही परतायचा नाही – सांगितलं तिला. "नसू दे. तुझ्या आठवणीत आहे ना? तिथे तू बेसूर करू नकोस म्हणजे झालं."

दुपारी खिडकीशी बसून खालच्या सुरात गुणगुणली. जाडा, खरखरीत आवाज. मी भांडी विसळायची थांबले.

२५ मार्च

नजर तपासली. दोन्ही कडा जवळपास पूर्ण परत! चौकटीतून सरळ आत आली – आणि मुद्दाम वळून मला दाखवलं.

२ एप्रिल

रेकॉर्ड विभागातल्या काकांचा निरोप – ताईच्या नावावर आधीचा एक क्रमांक निघाला आहे, दोन्ही जोडायचे, येऊन सही करा.

गेले. केसपेपर बारा वर्षांपूर्वीचा. आमच्याच ओपीडीचा. तेव्हाच्या कोणा ज्युनिअरच्या अक्षरात: 'हातांना सूज, मुंग्या. अंगठी बसत नाही. आवाज बदलला. पेशंट मॅडमची बहीण, सकाळी नऊपासून रांगेत. मॅडमना विचारलं.'

ताईने आजवर एका शब्दाने सांगितलेलं नाही.

समासात दोनच शब्द: 'घरी बघते.'

अक्षर माझं.