ऑर्किडला जास्तीचं पाणी

७ फेब्रुवारी, रविवार

चि. चिमणीस,
तुला आणि बाळाला पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, आणि या खेपेला हे खरोखर लिहिते आहे.

स्वेटर मिळाला. बाह्या लांब आहेत, दुमडून घालते. बाबांची ऑर्किडं बैठकीच्या खिडकीत आहेत. जांभळं फुललंय, पण पांढऱ्यानं मान टाकली होती. पानं सुरकुतलेली बघून मला वाटलं, तहानलंय, म्हणून दोन्ही वेळा पाणी घालत होते. तेही तुझ्या त्या चिनी मातीच्या कुंडीत, जिला खाली भोकच नाही.

बाबांनी कसं नाही बघितलं, असं विचारशील. आता सांगते. रागावू नकोस.

महिनाभर तुझा फोन आला की बाबा कधी झोपलेले, कधी फिरायला गेलेले, कधी आंघोळीला. इतक्या आंघोळी कोणी करत नाही, तुला शंका आली असेलच. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय वाचले, वाचा गेली. परत येईलच असं डॉक्टरही सांगेनात. तू ओली बाळंतीण, म्हणून मी तोंड मिटून बसले. जावईबापूंना ठाऊक होतं, पण मीच त्यांना शपथ घातली होती.

बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन चित्रं दाखवायच्या, हे भिंतीकडे बघत बसायचे. जन्मभर माझं डोकं खाल्लेला माणूस गप्प झाला आणि घर खायला उठलं गं.

आज सकाळी मी पांढऱ्याला पाणी घालत होते. मागून आवाज आला, "बास."

वळून बघायची भीती वाटली. मग मी काय केलं असेल? आणखी ओतलं.

"बास! अगं... मुळं. कुजली."

वळले तर बाबांचा चेहरा लालबुंद झालेला. रोप उपसून बघितलं तर मुळं काळी, लिबलिबीत. 'कात्री' हा शब्द त्यांना सापडेना, तेव्हा दोन बोटं चालवून दाखवली. सडकी मुळं कापून त्यांनी रोप झाडाच्या सालीच्या कोरड्या तुकड्यांत बसवलं, खाली भोकं असलेल्या साध्या कुंडीत. मी रडत होते आणि ते पुटपुटत होते, "वेडी. वेडी." इतकं गोड मला आजवर कोणी काही म्हटलं नव्हतं.

रोप जगेल की नाही, सांगता येत नाही. एक-दोन मुळं हिरवी आहेत म्हणे.

आता फोन तेच घेतील. त्यांना शब्द सापडेपर्यंत थांब, मधेच पुरवू नकोस.

तुझी,
आज पोटभर बोलणी खाल्लेली
आई