ताईची लेव्हल

१९ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

इकडे सगळे ठीक. बायकोची कंबर धरली होती, ती आता सुटली. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बाईसाहेब फोटोत हसत नाहीत. मी कामावर जातो, येतो, जेवतो. चवीचं मात्र विचारू नकोस.

काल दाजींचा फोन आला. गाण्याच्या शिकवणीच्या मुलींना तू "आता येऊ नका" म्हणून सांगितलंस म्हणे. "यंत्रालासुद्धा माझा आवाज कळला नाही, माणसांना काय कळणार," असंही म्हणालीस. म्हणून हे पत्र. फोन केला असता तर मी काहीतरी थाप मारून मोकळा झालो असतो, मला ओळखतेस तू.

आमचं काम कसं चालतं ते ऐक. कार्यक्रमातले आमचे दिवे गाण्याच्या आवाजावर आपोआप उजळतात खरे, पण किती आवाजाला उजळायचं, ती लेव्हल मी ठरवतो. आधी रिकाम्या हॉलमध्ये पंखे लावून बघतो, नुसत्या घरघरीने दिवे पेटायला नकोत. मग गाणाऱ्याकडून दोन ओळी म्हणवून घेतो आणि तेवढ्या आवाजावर लेव्हल लावतो. गाणारा कितीही घाईत असला तरी त्याला सोडत नाही.

तुझ्या कार्यक्रमाआधी तुला मात्र सोडलं. "घशाला उगाच ताण कशाला," म्हणालो आणि तू खुर्चीत बसून राहिलीस. मी तुझं जुनं रेकॉर्डिंग लावलं, घशाच्या ऑपरेशनच्या आधीचं, आणि लेव्हल त्याच्यावर लावली. घशाचं आपलं निमित्त. ऑपरेशननंतर सात महिने तुझ्या घरी फिरकलो नाही, तेही कामाच्या व्यापामुळे नाही. तू रियाजाला बसलेली असशील आणि तुझा नवा आवाज कानावर पडेल, याची भीती वाटायची.

कार्यक्रमात तू गायला सुरुवात केलीस आणि एक दिवा हलेल तर शपथ. लोकांना वाटलं, वीज गेली. बटण माझ्या बोटाखाली होतं, ताई. फिरवायला कितीसा वेळ लागतो? मी नुसता ऐकत बसलो. ही कोण बाई, एवढंच मनात आलं. बाकी काही वाटलं नाही. अजून वाटत नाही, लाजसुद्धा नाही, खरं तेच सांगतो. तिसऱ्या ओळीला तू थांबलीस, हात जोडलेस आणि आत गेलीस. नंतर मलाच म्हणालीस, "जाऊ दे रे, तुझी काय चूक!" आणि मी चक्क होकाराची मान हलवली.

आज सकाळी एकटाच हॉलवर गेलो. त्या दिवशीच्या तुझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि बटण दोन खुणा पुढे नेलं. सगळे दिवे उजळले, अगदी मागच्या रांगेतलेसुद्धा. तुझा आवाज पुरत होता. दोन खुणा मी दिल्या नाहीत.

मुलींना परत बोलाव. हे पत्र दाजींनाही वाचून दाखव. मग इथे ये आणि मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, जमेल तेवढ्या आवाजात. मी ऐकून घेईन.

तुझा,
धाकटा